घरात पहिल्यांदाच दहावी आली असेल तर

जूनमध्ये शाळा सुरू झाली की दहावीच्या घराला सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकू क्लासचं नाव सांगतात, कामावरचं कुणीतरी गाइडांची यादी देतं, गावाकडून मामांचा फोन येतो, "पोराला पहाटे चारला उठवत जावा." माझ्या दोन्ही मुलांची दहावी कोल्हापुरातच झाली. दोघांचे स्वभाव वेगळे, गुणही वेगळे, पण उपयोगी पडल्या त्या गोष्टी त्याच. त्या क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच दहावी येते आहे त्यांच्यासाठी, आणि विशेष करून ज्या आईवडिलांचं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत पोचलं नाही त्यांच्यासाठी. मुलाच्या अभ्यासाला मदत करायची तर तुम्हाला बीजगणित यावं लागत नाही. पुस्तक मिटल्यावर त्याला काय आठवतंय, एवढं रोज विचारता आलं की पुरे.

१. गुणांचा हिशेब आधी समजून घ्या

राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषयांचे मिळून ६०० गुण असतात आणि टक्केवारी उत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर निघते. प्रत्येक विषय १०० गुणांचा, त्यातले ८० लेखी आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती, ४० - ४० गुणांचे. विज्ञानाचे तसेच दोन. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हेही ४० - ४० चे. पास व्हायला ३५ लागतात.

यातली एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते. सहा विषयांचे वीस-वीस म्हणजे १२० गुण शाळेतच ठरतात. प्रयोगवही वेळेवर पुरी केली, तोंडी परीक्षेची तयारी केली, स्वाध्याय दिले की हे गुण हातात येतात. जे मूल लेखी परीक्षेला घाबरतं त्याला तर हा मोठा आधार आहे. "प्रयोगवही जानेवारीत उतरून काढू" असं पोरं म्हणतात. तुम्ही मात्र दर महिन्याला ती उघडून बघा. विज्ञान कळत नसलं तरी बाईंची सही झाली आहे की नाही एवढं कुणालाही दिसतं.

२. काय काय जमवायचं

साहित्य फार लागत नाही.

- बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं. आठवीपर्यंत ती शाळेतून मोफत मिळाली असतील, दहावीची विकत घ्यावी लागतात. एखादं मिळत नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहे.
- बोर्डाच्या मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि भाषांच्या कृतिपत्रिका (भाषांच्या पेपराला हेच नाव आहे).
- पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. मुलांना आठवून लिहायला भरपूर कागद लागतो आणि नवी वही खराब करायला ती कचरतात.
- भिंतीवर लावायचं मोठं कॅलेंडर. तिथी-वारांचं, किराणा दुकानातून मिळतं तसलंच चालेल.
- काट्याचं घड्याळ. परीक्षेत मोबाइल नसतो, तेव्हा वेळ घड्याळात बघायची सवय आधीपासून हवी.

कागदपत्रांची फाइल जूनमध्येच करा: आधार कार्ड, जन्मदाखला, नववीचं गुणपत्रक, लागू असेल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो. दाखले काढायचे असतील तर पावसाळ्यात काढून घ्या. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात.

गाइडं एकाच विषयाची तीन-तीन घेऊ नका. बोर्डाचा पेपर पाठ्यपुस्तकावर निघतो. धड्याखालचा स्वाध्याय न सोडवता 'अपेक्षित' प्रश्नसंच पाठ करणारी मुलं प्रश्नाची भाषा जरा बदलली की अडतात.

३. जागा ठरवा, वेळ घराच्या रीतीने ठरवा

स्वतंत्र खोली सगळ्यांकडे नसते. एक कोपरा, एक दिवा आणि ठरलेला वेळ एवढं पुरतं. उद्यमनगरात किंवा शिरोलीत पाळीने काम करणाऱ्याच्या घरी टीव्ही रात्री दहाला लागतो. करवीर-कागलच्या गावांत पहाटे पाचला धारा काढून दूध डेअरीला घालायचं असतं. दुसऱ्याच्या घरचं वेळापत्रक आणून भिंतीवर चिकटवलं तर ते आठवडाभरही टिकत नाही. आपल्या घरात सगळ्यांत शांत वेळ कोणती, ते बघून तीच धरा. मग त्या वेळी पाहुणे आले तरी मुलाला चहा द्यायला उठवायचं नाही, भाजी आणायला पाठवायचं नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त सांभाळा. दहावीच्या वर्षीसुद्धा भाकरी थापायला तिलाच हाक मारली जाते आणि भाऊ पुस्तक धरून बसलेला असतो. घरकाम दोघांना वाटून द्या.

घरात अगदीच गोंधळ असेल तर शहरात अभ्यासिका आहेत, वाचनालयं आहेत. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचं आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी या शहरात वसतिगृहं उभी केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यातल्या हुशार पोराला बसायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर ते शिकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या पोरासाठी आपण घरातला एक कोपरा तरी राखलाच पाहिजे.

४. पुस्तक मिटायला लावा

आता मुख्य गोष्ट. मूल तीन तास पुस्तक घेऊन बसलं म्हणून तीन तास अभ्यास झाला असं होत नाही. धडा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटलं की "येतंय की मला!" असं वाटायला लागतं. पेपरात मात्र समोर पुस्तक नसतं.

माझी थोरली गुरुत्वाकर्षणाचा धडा करत होती. विज्ञान भाग एकचा पहिलाच धडा. केप्लरचे तीन नियम तिने इतक्यांदा वाचले होते की पानावर पेन्सिलीच्या तीन-तीन रेघा. मी म्हटलं, "पुस्तक मिट आणि ह्या कागदावर लिही." पहिला नियम झरझर लिहिला: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार, सूर्य एका नाभीवर. तिसराही आला. दुसऱ्याला लिहिलं, 'समान कालावधीत समान अंतर.' मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आता पुस्तकाशी ताडून बघ." तिने बघितलं. पुस्तकात होतं, ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा समान कालावधीत समान क्षेत्रफळ व्यापते. मग तिने लंबवर्तुळ काढलं, सूर्य एका बाजूला ठेवला, दोन फाका रंगवल्या, आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे जवळ असताना ग्रह जोरात पळतो! अंतर सारखं कसं असेल मग?" तो नियम ती पुन्हा चुकली नाही.

यामागे संशोधनही आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आदल्या रात्री घोकलेलं सकाळी आठवतं आणि सराव परीक्षेपर्यंत उडून जातं, त्याचं कारण हेच.

घरी हे असं करा:

धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचं. क्रम चुकला तरी चालेल, आकृती वेडीवाकडी आली तरी चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने त्याच कागदावर भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग पुन्हा आठवायचा. तुम्ही काय करायचं? जेवताना विचारायचं, "आज लाल किती झालं?" एवढंच. लाल जास्त असलं म्हणून रागावू नका. रागावलात तर दुसऱ्या दिवशी ते बघून लिहील आणि कागदावर लाल शून्य दिसेल.

वाचलेलं कुणाला तरी समजावून सांगणं हाही आठवण्याचाच प्रकार आहे. भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. माझा धाकटा आजीला ब्राझीलची हवा समजावून सांगायचा. आजी विचारायच्या, "तितं ऊस हुतो का रं?" त्याचं उत्तर शोधायला तो पुन्हा पुस्तकात शिरायचा.

५. उजळणी कॅलेंडरवर टाका

आज केलेला धडा उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवायचा. धडा पुरा झाला की या तीन तारखांवर त्याचं नाव लिहून टाकायचं. प्रत्येक खेपेला वेळ कमी लागतो. विसरणं स्वाभाविक आहे; थोडं विसरल्यावर पुन्हा आठवलेलं जास्त पक्कं बसतं. एकाच रविवारी पाच तास इतिहास करण्यापेक्षा आठवडाभर रोज पाऊण तास केलेला बरा.

६. गणिताला वेगळा हात लावावा लागतो

गणित बघून येत नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं पटतं आणि तेच झाकून ठेवलं की दुसऱ्या पायरीवर पेन थांबतं. म्हणून उदाहरण झाकून सोडवायचं.

दुसरं असं की सरावसंचात एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने असतात. वर्गसमीकरणांच्या धड्यात सगळी वर्गसमीकरणंच, त्यामुळे कुठली रीत वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. पेपरात मात्र अंकगणिती श्रेढीच्या शेजारी संभाव्यता येते. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा मिसळलेली उदाहरणं द्या: चार-पाच धड्यांतलं एकेक चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं आणि चिठ्ठ्या काढून सोडवायच्या. सुरुवातीला चुका वाढतात, मूल वैतागतं. तरी सोडू नका.

पायऱ्यांना गुण असतात हे त्याला बजावून सांगा. उत्तर चुकलं तरी सूत्र आणि मांडणी बरोबर असेल तर काही गुण मिळतात. कोरी जागा सोडली की काहीच मिळत नाही. भूमितीत प्रमेयाची आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने लिहायची सवय शाळेच्या वहीपासूनच लावा.

भाषांसाठी वेगळं काही नाही. कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडवायची आणि रोज पानभर मोठ्याने वाचायचं. इंग्रजीची भीती असेल तर तेच मोठ्याने वाचणं थोडं वाढवा.

७. क्लास लावायचा की नाही

शाळेत चांगलं शिकवत असतील आणि मूल विचारायला लाजत नसेल तर क्लासची गरज नाही. एक-दोन विषय खरोखर अडत असतील तर तेवढ्यांचाच लावा. सगळ्या विषयांचा क्लास म्हणजे शाळा, मग क्लास, मग क्लासचा गृहपाठ. स्वतः आठवून लिहायला वेळच उरत नाही.

फसगत होते ती फीमध्ये. वर्षाची रक्कम एकदम भरायचा आग्रह होतो, सवलत आजच संपते म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका घरी पूर्ण फी भरली, दिवाळीत गणिताचे सर सोडून गेले आणि पैसे परत मिळाले नाहीत. हप्ते मागा, पावती घ्या, आठवडाभर मुलाला नुसतं बसू द्या. एका तुकडीत किती मुलं आहेत आणि लिहिलेलं कोण तपासतं, हे विचारा. भिंतीवर लागलेले टॉपरचे फोटो बघून ठरवू नका.

८. मोबाइल आणि झोप

शाळेचे, क्लासचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यामुळे मोबाइल बंद करणं शक्य नाही. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आवाज बंद करून. टेबलावर पालथा ठेवला तरी लक्ष तिकडेच जातं. हा नियम त्या वेळेपुरता आईवडिलांनाही लागू. बाबा सोफ्यावर रील बघत असतील तर पोराला सांगण्यात अर्थ नाही.

झोपेचं मात्र मी फार मनापासून सांगते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, म्हणून त्यांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नव्हे. चारला उठवायचं असेल तर आठला झोपवावं लागेल, आणि ते कुणाच्या घरी जमतं? रात्री बाराला झोपून पहाटे चारला उठलेलं मूल शाळेत बाकावर डोकं टेकतं आणि सरांनी शिकवलेलं सगळं वाहून जातं.

९. कोल्हापूरचं वर्ष धरून आखणी करा

जुलै-ऑगस्टचा पाऊस गृहीत धरा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढायला लागलं की शाळांना सुट्ट्या पडतात, रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितला आहे. नदीकाठच्या गल्लीत किंवा चिखली-आंबेवाडीसारख्या गावात राहत असाल तर कागदपत्रांची फाइल आणि मुलाच्या वह्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. घर सोडायची वेळ आली तर त्या पिशवीवर पहिला हात पडू द्या. प्रत्येक पानाचा फोटोही काढून ठेवा.

मग गणपती, नवरात्र, दिवाळी. "दहावी आहे, मंडळात जायचं नाही" असं सरसकट म्हटलं तर मूल चोरून जातं. कुठले दिवस पूर्ण सुट्टीचे, हे आधीच एकत्र बसून ठरवा आणि मग त्या दिवशी अभ्यासाचं नावही काढू नका. फुटबॉलचंही तसंच. शिवाजी पेठ - मंगळवार पेठेतल्या मुलाला शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला जाऊ नको म्हणणं मला तरी योग्य वाटत नाही. संध्याकाळी तासभर मैदानावर खेळून आलेलं मूल जास्त नीट बसतं, हे धाकट्याच्या वेळी मी रोज बघत होते.

१०. बोर्डाच्या फॉर्ममधलं नाव डोळ्यांत तेल घालून बघा

परीक्षेचा फॉर्म शाळाच ऑनलाइन भरते. त्यानंतर शाळेकडे प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी येते आणि त्यावर मुलाची सही घेतात. घाईघाईत पोरं न वाचता सही करतात. त्या दिवशी वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख हे फाइलीतल्या जन्मदाखल्याशी आणि आधार कार्डाशी अक्षर-अक्षर ताडून बघायला सांगा, विषय आणि माध्यम बरोबर आहे ना तेही. जमलं तर स्वतः शाळेत जा. नंतर दुरुस्ती करायची तर शाळेमार्फत बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव, पुरावे, हेलपाटे. सांगली आणि साताऱ्याचीही कामं इथेच येतात.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. मुलाने इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा दिली असेल किंवा तो खेळात वरच्या पातळीवर खेळला असेल तर वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्याची मुदत चुकवू नका. आणि वाचताना अक्षरं सतत उलटसुलट होणं, लिहिताना फार वेळ लागणं असं लहानपणापासून असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. त्या मुलाला 'मठ्ठ' म्हणून गप्प बसवणं हा त्याच्यावरचा फार मोठा अन्याय आहे.

घरात आठवीतलं धाकटं असेल आणि ते सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचीही चौकशी करा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलाची निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

११. जानेवारीपासून पेपरापर्यंत

आता नवं काही वाचायचं नाही. आठवड्याला दोन-तीन पूर्ण पेपर, बोर्डाच्याच वेळेला. ४० गुणांच्या पेपराला दोन तास, ८० गुणांच्याला तीन. तपासल्यावर चुका तीन प्रकारांत वाटायच्या: आलंच नाही, येत होतं पण घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. पहिल्या प्रकाराला पुस्तक, दुसऱ्याला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवणं, तिसऱ्याला लिहिण्याचा सराव. नुसते गुण बघून "इतकेच?" म्हणालात तर पेपर तुम्हाला दाखवायचं ते बंद करेल.

केंद्र लांब असेल तर आधीच्या रविवारी एकदा जाऊन या, केएमटी किंवा एसटी कितीला मिळते ते बघा. पेपर झाला की उत्तरं जुळवत बसू देऊ नका, जेवण आणि झोप, मग पुढचा विषय. मूल जेवत नसेल, सारखं रडत असेल, "माझ्याच्यानं होणार नाही" म्हणत असेल तर त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. हे दिवसेंदिवस चाललं तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

१२. निकालानंतर

एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते. गुण कमी वाटले तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच तारखा लिहून घ्या.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात, कोल्हापूरसुद्धा त्यात आलं. फॉर्म भरताना पसंतीक्रम मुलाबरोबर बसून ठरवा: कॉलेज किती लांब, बस आहे का, शाखा मुलालाच हवी आहे ना. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून मैत्रिणीने टाकलं म्हणून किंवा नाव मोठं म्हणून कुठलंही कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका.